नऊ, दहा, अकरा

सोहारच्या बंदरामागे कंटेनरांची रांग संपते
आणि नुसती वाळू उरते, तिथं आमचं मैदान.
मधोमध सिमेंटची पट्टी, वर हिरवी मॅट.
शुक्रवारी पहाटेची बांग झाली की
मॅटच्या कडांना खिळे ठोकायचे मी,
आणि मग ऊन चढेस्तोवर वही सांभाळायची.
गुडघा गेल्यापासून एवढंच क्रिकेट उरलंय.
तसाही मी स्टोअरकीपर. आवक, जावक, शिल्लक.

वाद जुना आहे :
आपल्या तीन बोलरांत बॅट धरता येते कुणाला?

नवव्या नंबरला तोडणकर, गुहागरचा, क्रेनवर कामाला.
चेंडू असा बाहेर काढतो की मॅटलाही पत्ता लागत नाही.
बॅटिंगला मात्र नारळ सोलायला उभा राहावा
तसे पाय फाकतो. फटका एकच.
बसला तर टायरांच्या कुंपणावरून थेट
कॅम्पच्या दोरीवरच्या लुंग्यांत,
नाही बसला तर त्रिफळा,
आणि परत येताना पिचला शिव्या.
चोवीस डाव, तेवीसदा बाद, एकशे एकोणनव्वद धावा.
सरासरी आठच्या जरा वर.

दहावा गुल जमान. स्वातचा. पाण्याचा टँकर चालवतो.
छातीवर बाउन्सर आदळतो
आणि स्वतःच धावत जाऊन विचारतो, लगा तो नहीं भाई?
तोच बॅट घेऊन आला की कमरेत वाकतो,
तान्ह्याला पाळण्यात ठेवावं तसा
एकेक चेंडू मॅटवर निजवतो.
सोळा डाव, सहाच वेळा बाद, सहासष्ट धावा.
सरासरी अकरा.
म्हणजे गुल सरस, मी म्हणतो.
तोडणकर म्हणतो, तुझ्या गणिताला सांग,
एक सिक्स मारून दाखव म्हणावं.

राहिला कुन्हिमोन.
मेसमध्ये परोटे थापून थापून मनगट असं झालेलं
की लेगस्पिन त्याला शिकवावी लागली नाही.
क्लबचं हेल्मेट फुटलं होतं,
म्हणून साइटवरची पिवळी टोपी घालून यायचा बॅटिंगला.
अंपायरही हसायचे.
नऊ डाव. सात धावा.
बाद : शून्य.
दरवेळी समोरचाच कुणीतरी जायचा,
आणि हा पिवळी टोपी काखेत मारून चालत यायचा.

लिवाच्या गॅरेजवाल्यांशी शेवटची जोडी होती,
बारा हव्या होत्या, तीन षटकं.
गुल जमान निजवत बसला.
पण चेंडू वाळूत रुतला रे रुतला
की पलीकडून पिवळी टोपी सुटायची,
अर्ध्या मॅटवर येऊन ओरडायची, वा, वा, ओडि वा!
बिचारा गुल. जन्मात इतका पळाला नसेल.
दहा झाल्या. दोन राहिल्या. हरलो.
तोडणकर आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

वही मिटण्याआधी बघितलं :
दहाच्या दहा गुलच्या नावावर.
त्याच दहा कुन्हिमोनही पळाला होता,
तेवढीच मॅट, तेवढंच ऊन,
पण समोरच्यासाठी पळालेलं लिहायला
वहीत रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीने दहा लिहिलं.
मग खोडलं. नियम म्हणजे नियम.

ऑक्टोबरात मेसचं कंत्राट गेलं, कुन्हिमोन कॅन्सल झाला.
मस्कतच्या विमानतळावरून त्याचा मेसेज :
भाईसाब, मेरा ॲवरेज कितना आया?
सात भागिले शून्य.
मोबाइल म्हणाला, एरर.

आता अकरावा रुवान म्हणून एक पोरगा आहे, मातऱ्याचा.
पहिल्याच मॅचला पहिल्याच चेंडूवर गेला,
त्याचं गणित सोपं आहे.
परवा वही चाळता चाळता म्हणाला,
अंकल, इथे एकाची सरासरी भरायची राहिलीय.

तोडणकर चहा ओतत होता.
मान वर न करता म्हणाला,
राहू दे. तो खेळतोय अजून.